रत्नागिरीत वॉक घ्यायचाय? आधी तिथी बघायला शिका

परवा कॉलेजातली दोन पोरं भेटली, म्हणाली दादा आम्हालाही तुमच्यासारखं गाइडचं काम करायचंय, काय काय लागतं सांगा ना. मी चहा संपेपर्यंत पाच मिनिटांत काहीतरी सांगितलं आणि घरी आल्यावर लक्षात आलं की आपण फक्त छान छान सांगितलं, आपटलो कुठे कुठे ते सांगितलंच नाही. म्हणून आता नीट बसून लिहितोय, जरा लांबेल.

मी आधी स्टँडजवळच्या एका लॉजच्या काउंटरला होतो. चावी घेताना प्रत्येक गिऱ्हाईकाचा एकच प्रश्न, इथे बघण्यासारखं काय आहे? आणि मीही रत्नागिरीचाच पोरगा असून पाठ केल्यासारखं सांगायचो, गणपतीपुळे. म्हणजे माणूस आमच्या शहरात झोपायला येणार आणि सकाळी आरेवारेच्या रस्त्याने निघून जाणार. वर्षभर हे केल्यावर एकदा एका काकांनी विचारलं, अहो पण रत्नागिरीत काय आहे? तेव्हा मला जे सुचलं ते थिबा पॅलेस आणि टिळकांचं घर, त्यापुढे गाडी जाईना. लाज वाटली खरं तर. तिथून सुरुवात झाली.

अभ्यास कसा केला ते आधी सांगतो. नगर वाचनालयात गेलो. आपलं हे वाचनालय १८२८ सालचं आहे, महाराष्ट्रातलं सर्वात जुनं, आणि आपण तिथे फक्त पेपर वाचायला जातो. दोनेक महिने वह्या भरल्या. मग पहिला वॉक, म्हणजे पाहुण्यांना शहर फिरून दाखवायची फेरी, घेतला तो पूर्ण वहीच्या हिशोबाने, म्हणजे आधी किल्ला मग टिळक मग थिबा मग सावरकर, सगळं सनावळीच्या क्रमाने, आणि ऊन डोक्यावर आल्यावर बाजार. माझ्या दृष्टीने एकदम परफेक्ट. बाजारात पोचलो तेव्हा साडेअकरा वाजलेले, मासळी संपत आलेली, बायका पाट्या धुवत होत्या, आणि माझे आठ पाहुणे सावली शोधत होते. इतिहास अगदी क्रमाने झाला पण बघायला काहीच उरलं नाही. तेव्हापासून वॉक कुठून सुरू करायचा हे मी ठरवत नाही, होड्या आणि बाजार ठरवतात. आदल्या रात्री मिरकरवाडा बंदरातल्या ओळखीच्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, फोन करतो, उद्या काय परिस्थिती, आणि त्यावर सकाळचं ठरतं. पाहुण्यांना आधीच सांगून ठेवायचं की वेळ अर्धा तास पुढेमागे होईल. ज्यांना चालत नाही त्यांना नम्रपणे नाही म्हणायचं.

भरती-ओहोटीचं तर माझं नाक चांगलंच कापलं गेलं. सुरुवातीच्या दिवसांत मांडवीच्या किनाऱ्यावर एक ग्रुप घेऊन सकाळी दहाला गेलो. पाणी खूप आत गेलेलं, जेटीच्या बाजूचे दगड उघडे, मी म्हटलं चला खाली उतरून फोटो काढू. एका ताईंचा पाय शेवाळावरून सटकला आणि हात टेकला तो बरोबर कालवांवर. कालवं म्हणजे काय ते आपल्याला माहितीय, पुण्याच्या माणसाला नाही, दगडाला चिकटलेले शिंपले ते, ब्लेडसारखी धार असते. तळहात चरचर कापला. माझ्याकडे बँडेज तर सोडा, साधा स्वच्छ रुमाल नव्हता. शेजारी जाळं विणत बसलेल्या आजोबांनी पाणी दिलं, फडकं दिलं आणि मग मला बाजूला घेऊन विचारलं, "आज तिथी कुठली रे?" मला माहीत नव्हतं. "पंचमी हाय. पाच पावणे किती? पावणेचार. पावणेचारला भरलेलं पाणी धाला कुठं असंल? आनि तू लोकास्नी खाली उतरवतोस?"

हा हिशोब नव्या लोकांनी पाठच करा. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या आसपास. साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी पूर्ण, रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. मोबाइलवर भरतीचे तक्ते मिळतात आणि मी तेही बघतो, पण आजोबांचं गणित नेटवर्क नसताना पण चालतं आणि पाहुण्यांना सांगितलं की ते लगेच कॅलेंडर काढून बसतात, हा माझ्या वॉकमधला हमखास हिट भाग आहे. पुनव-अवसेच्या बाजूला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितकंच आत जातं, अष्टमीच्या बाजूला भांग, तेव्हा फरक कमी. उधाणात पोरंबाळं असतील तर जेटीच्या टोकाला न्यायचं नाही, विषय संपला. आता पिशवीत फर्स्ट एडचा डबा, ओआरएस आणि एक जास्तीची जुनी चप्पल असते.

आता मिरकरवाडा. इथे पहिली गोष्ट म्हणजे बूट. पांढरे स्नीकर्स घालून येऊ नका हे मी मेसेजमध्ये लिहितो तरी दर ग्रुपमध्ये एक असतोच. दुसरी गोष्ट नाक. एकदा एका मुलीने ओढणी नाकाला लावून मोठ्याने ईईई केलं, आणि समोर सुरमई कापत बसलेल्या मावशींनी मान वर न करता बादलीतलं पाणी असं काही फेकलं की अख्खा ग्रुप दोन पावलं मागे. नंतर मला म्हणाल्या, "बगायला आणतोस तर शिकवून आण. आमी काय शिनेमातल्या हाव काय?" बरोबरच होतं त्यांचं. पहाटेपासून उभं राहून लिलावात माल उचललेला, बर्फाचे पैसे गेलेले, टेम्पोचे गेलेले, आणि वर हे. तेव्हापासून बंदरात शिरायच्या आधी बाहेर उभं राहून दोन मिनिटं बोलतो. फोटो विचारून काढायचा, लिलाव चालू असताना मध्ये घुसायचं नाही, बोली कळली नाही तर मला नंतर विचारा. आणि जमलं तर थोडं तरी विकत घ्या. मी स्वतः प्रत्येक वेळी पावशेर का होईना काहीतरी घेतोच, घरी आई वैतागते रोज काय म्हाकुल म्हणून.

लिलावात गाइडने गप्प बसायचं असतं हे मला उशिरा कळलं. आधी मी सगळ्या वेळ बोलायचो, हा पापलेट, हा सौंदाळा, हा ट्रॉलर, ती पर्ससीन जाळ्याची होडी. आता फक्त जागा दाखवतो जिथून नीट दिसतं आणि कोणाच्या वाटेत येत नाही. माणूस क्रेटभोवती गोळा झालेली डोकी बघतो, बोली चढताना बघतो, मग अचानक सगळे पांगतात आणि माल उचलला जातो, तेव्हा पाहुणाच विचारतो, अरे झालं पण, कोणी घेतला? हा प्रश्न आला की मग तोंड उघडायचं.

तिथून बाजारात येताना आम्ही रिक्षा करतो, चालत आणलं तर लोक दमतात आणि राम आळीत काही बघत नाहीत. धनजी नाका, गोखले नाका, राम आळी या भागात दहापेक्षा जास्त माणसं घेऊन फिरू नका, रस्ता अडतो आणि दुकानदार तोंडावर काही बोलत नाहीत पण लक्षात ठेवतात. इथे सीझनप्रमाणे वॉक बदलतो. एप्रिल-मेमध्ये सगळ्यांना हापूस. तेव्हा मी जीआयची, म्हणजे भौगोलिक मानांकनाची गोष्ट सांगतो, २०१८ साली कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मानांकन मिळालं, आपल्या रत्नागिरीसकट, आणि तरी बाहेरचा आंबा आपल्या नावाच्या पेटीत बसतोच. पेटी उघडायला लावा, वास घ्या, खालचा थर बघा. मेच्या शेवटी मात्र मला सगळ्यात आवडतो तो बाजार असतो, आगोटीचा. पावसाळ्याची बेगमी. सुकट, जवळा, बोंबील, सोडे, आमसुलं, कुळीथ, सगळं एकाच वेळी भरायचं चाललेलं असतं. सुक्या मच्छीवाल्या काकी सुपात जवळा घेऊन एक फटका मारतात, कचरा पुढे उडतो, मग मूठभर उचलून तुमच्या नाकाशी धरतात, "वास घ्या, वाळूचा येतो काय?" त्या एका मिनिटात जे कळतं ते माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणात नाही कळत.

कमिशनचं पण सांगून टाकतो. दुकानदार देतो म्हणतात, घेऊ नका. मी पहिल्या सीझनला एका दुकानातून घेतलं, दीडेक महिना बरे पैसे आले, मग एका पाहुण्याने तोच आंबारस शेजारच्या दुकानात स्वस्त बघितला आणि माझ्याकडे जे बघितलं ना, बस. पैसे वॉकच्या फीमध्येच घ्या. मी माणशी ३०० ने सुरू केलं होतं, आता ५०० घेतो, अर्धे आधी ऑनलाइन. तुम्हाला वाटेल ते द्या हा प्रकार शहाण्याने करू नये, लोकांना काहीच वाटत नाही.

आता इतिहास. तो लागतोच, पण कमी लागतो आणि बरोबर लागतो. मी दोन माणसांवरच जास्त बोलतो. इंग्रजांनी १८८५ मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेतून उचललं, पुढच्या वर्षी मद्रासहून बोटीने इथे आणून ठेवलं, आणि मेला तोही इथेच, १९१६ साली. आणि याच रत्नागिरीत टिळक आळीत २३ जुलै १८५६ ला जन्मलेल्या टिळकांना इंग्रजांनी १९०८ मध्ये शिक्षा करून कुठे नेलं, तर मंडालेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा माणूस मंडालेत, एकाच वेळी, सहा वर्षं. हे टिळकांच्या अंगणात उभं राहून सांगितलं की लोक खरंच गप्प होतात. सुरुवातीला मी याच गोष्टीत गडबडून थिबाला मंडालेच्या तुरुंगात घातलं होतं, एका रिटायर्ड बाईंनी सगळ्यांसमोर दुरुस्त केलं. चुकलं तर तिथेच मान्य करा, पुढे चला. मी घोळ घालत बसलो म्हणून जास्त शोभा झाली.

मग कोणीतरी विचारतंच की इथेच का आणून ठेवायचे सगळ्यांना, कारण सावरकरही अंदमानहून आधी इथल्या तुरुंगात आणि मग १९२४ पासून १९३७ पर्यंत स्थानबद्ध, जिल्हा सोडायचा नाही या अटीवर. तेव्हा मी पुस्तकी उत्तर देत नाही, मांडवीला समुद्राकडे तोंड करून उभं करतो. मागे घाट, पुढे पाणी, पावसाळ्यात बोटी बंद. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ ला, म्हणजे माझ्या जन्माच्या जवळपास. माणूस नजरेआड ठेवायला यापेक्षा सोयीची जागा कुठली? सावरकरांच्या पुढाकाराने सगळ्या जातींसाठी खुलं झालेलं पतितपावन मंदिर वाटेवरच आहे, १९३१ चं, तिथे मी सावरकरांइतकंच भागोजीशेठ कीरांबद्दल बोलतो, कारण मंदिर त्यांच्या पैशाने उभं राहिलं आणि नाव लोक विसरतात. ग्रुपमध्ये राजकीय वाद पेटायची जागा पण हीच. पेटला तर मी सरळ म्हणतो, पुढे सोलकढी आहे, चला.

थिबा पॅलेस चालत करू नका, चढ आहे, तो संध्याकाळसाठी वेगळा ठेवा, थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी समुद्राला मिळते ते उन्हं उतरताना बघायला. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. राजाची नात इथेच राहिली, मराठीच बोलायची, ही गोष्ट लोकांना फार आवडते आणि मग विचारतात, घरचे कोण आहेत का, भेटता येईल का? नाही. पैसे दिले तरी नाही. कोणाचं घर आपल्या तिकिटात येत नाही.

बारीकसारीक गोष्टी. चालताना बोलू नका, थांबून बोला, आणि उन्हाकडे तोंड तुमचं असू दे, पाहुण्यांचं नको. बायकांसाठी स्वच्छ बाथरूम कुठे हे वॉकच्या आधी पक्कं करा, मी एका खानावळवाल्या वहिनींशी बोलून ठेवलंय, नाश्ता तिथेच घेतो, दोघांचं भागतं. सर्टिफिकेटचं लोक विचारतात. पर्यटन मंत्रालयाने टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन कोर्स काढलाय, करून टाका, वाया जात नाही, पण अटी-फी बदलतात त्यामुळे ताजं बघा. पुरातत्त्व खात्याच्या जागी आत जाऊन गाइड म्हणून बोलायला परवानगी लागते का तेही तिथे विचारूनच.

पोटापाण्याचं खरं सांगायचं तर सीझन दिवाळीपासून मेअखेरपर्यंत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारी बंद असते, बंदर झोपतं, आणि बाहेर पाऊस असा की छत्रीचा काही उपयोग नाही. त्या दिवसांत मी लॉजवर परत काउंटरला बसतो, अर्ध्या पगारावर. मालक चांगले आहेत, घेतात. दुपारी वाचनालय. नारळी पुनवेला मांडवीला जातो, एकटाच, कोणाला काही सांगायचं नसतं तेव्हा बरं वाटतं. आजोबा असतात तिथे जाळं घेऊन, अजून विचारतात, आज तिथी कुठली? आता त्या दिवशी तरी मला येतं.