पुरात बुडालेली येझदी: किक मारायच्या आधी

पुरातून निघालेली जुनी गाडी अंगणात ओढून आणली की पहिला पाय किकवर जातो. तो आवरायचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत, हरिपुरात, भिलवडीकडे घराघरांत शिरलं, तेव्हा गोठ्यात आणि शेडमध्ये उभ्या असलेल्या जावा-येझदी मोटरसायकलीही बुडाल्या. यातल्या काहींची क्रँक, म्हणजे पिस्टनच्या ढकलण्यावर फिरणारा इंजिनातला दांडा, पाण्याने गेली नाही, पाणी ओसरल्यावर मारलेल्या किकने गेली.

कारण सोपं आहे. फोर-स्ट्रोकसारखं टू-स्ट्रोकच्या क्रँकला वेगळं ऑइल नसतं. पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइल क्रँकभोवतीच्या केसिंगमधून, म्हणजे क्रँककेसमधून, जातं, तेच बेअरिंगांना मिळतं. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर या दोन्ही वाटांनी पाणी शिरलं की सोबतचा गाळ क्रँककेसच्या तळाशी बसतो. काळ्या रानाचा हा गाळ वाळला की बोटावर दंतमंजनासारखा मऊ लागतो, पण त्यात बारीक वाळू असते. क्रँक फिरवली की ती बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या, रोलरमध्ये जाते, आणि तिथून ती फक्त क्रँक उघडूनच निघते.

इथली मोजमापं म्हैसूरच्या आयडियल जावाच्या २५० सीसी इंजिनाची आहेत: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिमी. १९६१ पासून जावा, १९७३ पासून येझदी आणि १९९६ मध्ये कारखाना बंद, असा या गाड्यांचा काळ. राजदूतलाही पद्धत हीच, आकडे वेगळे.

उघडताना

प्लग काढा, दोन्ही सायलेन्सर आणि कार्ब्युरेटर उतरवा. पिस्टन अडकलेला असेल तर प्लगच्या भोकातून ५०–६० मिली डिझेल ओता आणि तीन-चार दिवस हात लावू नका. मग हेड आणि ब्लॉक (सिलिंडर) काढा. हेडचे नट एकदम सोडू नका, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करत जा, नाहीतर ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. ब्लॉक निघत नसेल तर लाकडी ठोकळा लावून खालून हळू ठोका. ब्लॉकचे पंखे (गार ठेवणाऱ्या पात्या) बिडाचे आहेत. स्क्रूड्रायव्हरने उचकटलं की तुकडा पडतो.

केसिंगचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरने काढू नका, खाचा जातात. हातोड्याने ठोकला की फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. प्रत्येक स्क्रूची लांबी वेगळी असते, म्हणून पुठ्ठ्यावर केसिंगची आकृती काढून स्क्रू त्याच जागी खोचून ठेवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला की केसिंगला तडा जातो. उजव्या बाजूचं डायनमोचं आर्मेचर आणि डावीकडचा क्लच पुलरनेच काढायचा. हातोड्याने आर्मेचर सुटेलही, पण क्रँक वाकडी झालेली असेल.

आता कनेक्टिंग रॉड धरा आणि सरळ वर-खाली ओढून बघा. डावी-उजवीकडे थोडी हालचाल चालते. वर-खाली जराही टकटक जाणवली, किंवा फिरवताना रॉड खरखरला, तर रॉड किट बदलायचंच. डिझेलने धुवून ‘बघू चालतंय का’ म्हणण्यात अर्थ नाही. पाचशे किलोमीटरच्या आत इंजिन पुन्हा उघडावं लागतं. क्रँक प्रेसवर उघडून पुन्हा बसवायची आणि सेंटरवर धरून डायल गेजने तपासायची. लंगडेपणा ०.०३ मिमीपेक्षा जास्त नको. कुपवाड किंवा मिरजेच्या एमआयडीसीत हे जमलं नाही तर कोल्हापूरचं उद्यमनगर लांब नाही. काम दिल्यावर डायलचा काटा स्वतःच्या डोळ्यांनी बघून या.

बेअरिंगचा नंबर बाहेरच्या कड्यावर कोरलेला असतो. तोच नंबर घ्या, पण पुढे ‘सी३’, म्हणजे आत जास्त फट, असलेला. तापल्यावर केसिंग आणि क्रँक दोन्ही फुगतात, साध्या फटीचं बेअरिंग तिथे आवळतं. बसवण्याआधी केसिंग इतकं तापवा की पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडेल, आणि बेअरिंग रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. मग ते हाताने आत पडतं, ठोकावं लागत नाही.

ऑइल सील

क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल आणि हवा अडवणारे रबरी सील असतात. जुन्या येझदीच्या निम्म्या तक्रारी इथून येतात. डाव्या बाजूचा सील गेला की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढून जाळतं: सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही, गिअर ऑइल कमी होत जातं. उजव्या बाजूचा गेला की इंजिन बाहेरची हवा ओढतं: गाडी रेस सोडली तरी खाली येत नाही, प्लग पांढराफटक पडतो आणि एक दिवस पिस्टन ब्लॉकमध्ये जाम होतो. लोक कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात, दोष सीलमध्ये असतो. दोन्ही सील नवे घाला. जुना कोणत्या तोंडाने होता त्याचा फोटो काढून ठेवा. स्प्रिंगची बाजू साधारणपणे क्रँककेसकडे असते.

इंजिन बांधून झालं की चासीवर चढवायच्या आधी गळती तपासा. यासाठी मिरजेत सहज मिळणारी वस्तू लागते: बीपी मोजायच्या यंत्राचा काटा आणि रबरी फुगा. सर्जिकलच्या दुकानात तो सुटा मिळतो. जुन्या प्लगचं चिनी मातीचं अंग फोडून काढा, उरलेल्या लोखंडी बुंध्यात ६ मिमीची तांब्याची नळी डाखून घ्या आणि हा प्लग हेडमध्ये बसवा. पिस्टन तळाला आणा, दोन्ही एक्झॉस्ट तोंडं आणि कार्ब्युरेटरचं तोंड ट्यूबचा तुकडा गुंडाळलेल्या लाकडी खुंट्यांनी बंद करा. फुग्याने काटा २५० पर्यंत चढवा, त्याहून जास्त नको. पाच मिनिटांत २०–२५ च्या पुढे उतरला तर कुठेतरी गळतंय. साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावा, बुडबुडे जागा दाखवतात. आधी खुंट्या तपासा, मग ब्लॉकचं पॅकिंग, मग सील.

ब्लॉकमध्ये गंजाचे खड्डे असतील तर पुढच्या मापाला, म्हणजे ०.२५ किंवा ०.५० मिमी, बोअर करा. पिस्टन आधी आणा, बोअरिंग त्याच्या मापाने होतं. पिस्टनच्या डब्यावर फट दिली नसेल तर ०.०६–०.०७ मिमी धरा. रिंग नुसती ब्लॉकमध्ये घालून टोकांमधली फट फिलर गेजने मोजा: ०.२५–०.३० मिमी. कमी असेल तर बारीक कानशीने घासा. तापल्यावर टोकं भिडली तर रिंग तुटते. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडे. पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या कड्या, म्हणजे सर्कलिप, नव्याच. जुनी सर्कलिप वाचवण्याच्या नादात ब्लॉक घालवू नका.

वीज आणि इग्निशन

डायनमो गोड्या स्वच्छ पाण्याने धुवा, मग ६०–७० अंशांत सहा-सात तास वाळवा. उन्हाळ्यात पत्र्याखाली दोन दिवस ठेवलं तरी चालतं. कम्युटेटर (आर्मेचरवरचं तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) घासायला काचपेपर वापरा. एमरी नको, तिचे कण वीज वाहतात आणि पट्ट्यांमध्ये अडकून शॉर्ट करतात. कार्बन ब्रश आपल्या घरात बोटाने सहज सरकला पाहिजे. आणि ज्या मॉडेलला बॅटरी इग्निशन आहे तिला मेलेल्या बॅटरीवर कितीही किक मारल्या तरी स्पार्क येणार नाही, हे विसरायला होतं.

पॉइंटची (उघडला की स्पार्क पडतो त्या संपर्काची) फट ०.४ मिमी, प्लगची ०.६. पॉइंट उघडतो तो क्षण पकडायला पतंगाचा कागद त्यात अडकवा आणि हलकेच ओढत क्रँक फिरवा. कागद सुटला की पॉइंट उघडला. त्या वेळी पिस्टन वरच्या टोकापासून किती खाली असावा, तो आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्या. पॉइंट काळे पडून खड्डे पडत असतील तर पॉइंट नव्हे, कंडेन्सर बदला.

टाकीचा गंज लिंबूसत्वाने निघतो: लिटरभर कोमट पाण्याला ८० ग्रॅम, १२ ते २४ तास. कॉक काढून तिथे बूच लावा, बाहेरच्या रंगावर आणि क्रोमवर सांडू देऊ नका. ओतून दिल्यावर लगेच खाण्याच्या सोड्याचं पाणी फिरवा, लिटरला २० ग्रॅम, आणि गरम हवेने वाळवा. अर्धा तास ओली राहिली तर आत पुन्हा नारिंगी थर येतो. पेट्रोल नळी इथेनॉल सोसणारी घ्या, जुन्या रबराच्या नळ्या आजच्या पेट्रोलमध्ये फुगतात.

पहिले ५०० किलोमीटर लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, म्हणजे पाच लिटरला २००. वेग ५० च्या आत. नंतर ३० मिली पुरतं. चाकांचे बेअरिंग, ब्रेक ड्रम, फोर्क: सगळीकडे गाळ असतो, सगळं उघडून धुवा आणि ग्रीस नवं भरा. गिअर ऑइल ताकासारखं दिसलं तर दोनदा बदला.

स्टीमपंक गाडीवर नको, टेबलावर

स्टीमपंक म्हणजे वाफेच्या यंत्रांच्या काळासारखी सजावट. तिचे पितळी पाइप, गेज आणि दातेरी चाकं गाडीवर चढवायचा मोह आवरा. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला विंटेज नोंदणी मिळते: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको, आणि ती रोजच्या वापराला काढता येत नाही. चासी नंबरावरून ग्राइंडर फिरवलात तर आरटीओत गाडीची ओळखच उरत नाही.

पण फुटका ब्लॉक, झिजलेली स्प्रॉकेटं, गेलेला पिस्टन यांचा दिवा फार सुंदर होतो. आणि आपल्याकडे स्टीमपंकला लागणारं सामान आधीच माळ्यावर आहे: पितळी स्टोची टाकी, बंबाची तोटी. ब्लॉक आडवा न ठेवता उभाच ठेवा, पंख्यांची रांग दिसते. तळाला ४० मिमी जाड सागवानी फळी, खालून दोन बोल्ट.

वीज २३० व्होल्टची नको. सगळं अंग धातूचं आहे, एक सोललेली वायर पुरते. १२ व्होल्टचा एक ॲम्पियरचा ॲडाप्टर आणि ५ वॉटचा १२ व्होल्टचा एलईडी घ्या. त्याला अर्धा ॲम्पियरही लागत नाही. वायर आत शिरते तिथे रबरी ग्रॉमेट लावा.

तोटीने दिवा लावायचा असेल तर १२ व्होल्टचा फिरता डिमर आणा, त्याची दांडी ६ मिमीची असते. तोटीची गोटी (आतला फिरणारा भाग) काढा, तिच्या खालच्या टोकाला लेथवर ६ मिमी भोक पाडा, दांडी धरायला बाजूने ३ मिमीचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा) लावा. तोटी फिरते तेवढाच डिमर फिरेल. तोटी पाव फेऱ्यात थांबते, डिमर पाऊण फेरा मागतो, म्हणून गोटीचा अडथळा कानशीने काढून टाका.

नवं पितळ फार चमकतं. थिनरने लॅकर पुसा, मिठाच्या पाण्याने ओलं करा आणि झाकणाच्या डब्यात टांगा. तळाशी वाटीत दोन-तीन चमचे अमोनिया. चार तासांनी तपकिरी, रात्रभरात हिरवट-निळं. हे अंगणातच करा, वास छातीत भरतो. रंग टिकवायला चपड्याचं पॉलिश, मिरजेचे सतारमेकर वापरतात तेच: १०० मिली स्पिरिटमध्ये १२ ग्रॅम चपडा रात्रभर भिजवा, मलमलीतून गाळा, चार पातळ हात द्या आणि दोन हातांत तासाभराचं अंतर ठेवा. पावसाळ्यात चपडा पांढुरका पडतो, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर काढा.