लेथचा टेपर असा घालवला

सातपूरच्या एका शॉपचं सामान विकायला निघालं तेव्हा घेतलेला छोटा बेंच लेथ (धातूचा बार फिरवून कापायचं टेबलावरचं यंत्र) घरच्या शेडमध्ये लाकडी टेबलावर बसवला आणि तो टेपर मारायला लागला, म्हणजे काम एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक. 100 मिमी लांबीत मोकळ्या टोकाचा व्यास 0.06 मिमी जास्त. जो तो म्हणे, हेडस्टॉक (बार फिरवणारा डावीकडचा भाग) सरकलाय, खोल. अहो, हेडस्टॉकला हात सगळ्यात शेवटी लावायचा!

30 मिमीचा बार फक्त चकमध्ये, म्हणजे हेडस्टॉकच्या जबड्यात धरला, दुसऱ्या टोकाला टेलस्टॉकचा आधार न देता. मधला भाग उतरवून दोन टोकांना कॉलर, म्हणजे जाड कड्या ठेवल्या. टूलची सेटिंग न हलवता दोन्हींवरून अगदी हलका कट घेतला. जड घेतला की बारच वाकतो आणि माप फसवतं. टेलस्टॉककडची कॉलर जाड भरली. म्हणजे तिकडे जाताना टूल कामापासून दूर, आपल्याकडे येतंय. बेडला, म्हणजे लेथच्या खालच्या लांब पायाला पीळ आहे. त्या टोकाच्या पुढच्या पायाखाली पितळी शिम (पातळ पट्टी) सरकवली, बोल्ट आवळले, पुन्हा कट. फरक निम्म्यावर. आणखी एक पातळ पट्टी घातली, तेव्हा मायक्रोमीटर दोन्हीकडे एकच आकडा दाखवायला लागला.

लाकडी टेबल पावसाळ्यात फुगतं, मग पीळ परत येतो. त्यामुळे आता चौकोनी पाइपचा स्टँड वेल्ड करून घेतोय.