घरच्या द्राक्षबागेतून चांगली वाइन
नाशिक परिसरात वाइनसाठी बाग लावणाऱ्या कुटुंबाने खाण्याच्या द्राक्षांची सवय सुरुवातीलाच बाजूला ठेवावी, कारण टपोरा मणी येथे कामाचा नाही. शिराझसारख्या जातीचे लहान मणी आणि वेलीवर मोजकेच घड यांतूनच रंग व स्वाद उतरतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी (नव्या काड्या तयार होण्यासाठीची) आणि पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) घेतली म्हणजे घड कोरड्या हवेत पिकतात. घडांभोवतीची पाने विरळ केल्यास भुरी या बुरशीजन्य रोगाचा धोका कमी होतो.

माझ्या मते वाइनचा दर्जा सर्वाधिक ठरतो तो तोडणीच्या दिवशी. रसातील साखर मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर 22 ते 24 ब्रिक्स (साखरेचे प्रमाण सांगणारे एकक) दिसू लागले तरी केवळ आकड्यावर विसंबू नये. बागेच्या वेगवेगळ्या ओळींतील मणी चावून पाहावेत, बिया तपकिरी झाल्या आहेत का आणि सालीचा तुरटपणा मऊ झाला आहे का हे तपासावे, आणि मगच पहाटेच्या गारव्यात तोडणी करावी.

लाल वाइनचे किण्वन, म्हणजे रसातील साखरेचे अल्कोहोल होण्याची प्रक्रिया, साली-बियांसह 25 ते 28 अंश सेल्सिअसला करावे आणि वर तरंगणारा सालींचा थर दिवसातून दोन-तीनदा खाली दाबावा, अन्यथा तो कोरडा पडून वाइन आंबते. किण्वन संपल्यावर टाकी काठोकाठ भरलेली ठेवावी. वाइननिर्मितीसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. त्याची तजवीज यंत्रसामग्री घेण्याआधीच करावी.