नवा इंग्रजी शब्द वाक्यात नीट कसा वापरावा

शब्द मिळाला, अर्थ कळला, उच्चारही ऐकून झाला. इथून पुढचं सांगते. आमच्या इंदूरला भंवरकुआंकडच्या कोचिंगच्या गल्ल्यांत ‘रोज २० शब्द’ असे छापील कागद मिळतात. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे हिंदी अर्थ. रामबागेत माझ्याकडे शिकवणीला येणारी निम्मी मुलं तो कागद घडी करून खिशात घेऊन येतात. अर्थ त्यांना माझ्याइतकेच येतात. वाक्य लिहा म्हटलं की पेन अडतं. कधी अडत नाही, आणि मग जास्त पंचाईत होते.

आधी शब्दाची जात बघा. नाम, क्रियापद की विशेषण, ते शब्दकोशात शब्दाशेजारीच लिहिलेलं असतं. नाम असेल तर ते मोजता येतं का, तेही तिथेच कळतं. ‘ॲडव्हाइस’, ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’ यांच्या शेवटी ‘स’ लावू नका आणि आधी ‘अ’ किंवा ‘ॲन’ही नको. झालं.

आता खरी अडचणीची पायरी. शब्दाच्या पाठोपाठ कोण येतं, ते बघायचं.

कॉलेज संपल्यावर मी एका कचेरीत पत्रं लिहायच्या कामाला लागले. पहिल्याच आठवड्यात लिहिलं, ‘सर एक्सप्लेन्ड मी द मॅटर अँड सजेस्टेड मी टू राइट टू यू.’ साहेबांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, दोन जागी लाल रेघ मारली आणि कागद परत दिला. चूक काय, ते सांगितलंच नाही. घरी येऊन छोटा इंग्रजी-मराठी कोश उघडला. ‘एक्सप्लेन’ म्हणजे समजावणे, ‘सजेस्ट’ म्हणजे सुचवणे. दोन्ही बरोबर! चूक कळायला मला वर्ष लागलं, कारण मी ती अर्थामध्ये शोधत बसले होते.

मराठीत ‘मला समजावलं’, ‘मला सुचवलं’. ‘मला’ डोक्यात आलं की हात इंग्रजीतला ‘मी’ लिहून मोकळा होतो. इंग्रजीत ‘एक्सप्लेन’च्या मागून आधी गोष्ट येते आणि माणूस ‘टू’चं बोट धरून नंतर: ‘ही एक्सप्लेन्ड द मॅटर टू मी.’ ‘सजेस्ट’ला ‘दॅट’ लागतो किंवा ‘इंग’: ‘ही सजेस्टेड दॅट आय राइट टू यू’, नाहीतर ‘ही सजेस्टेड रायटिंग टू यू’. आणि ‘ॲडव्हाइज’ला मात्र माणूस लगेच चालतो: ‘ही ॲडव्हाइज्ड मी टू राइट’ हे अगदी शुद्ध आहे. अर्थानं भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी, पण रीतभात वेगळी. म्हणून ‘समानार्थी शब्द घाला, वाक्य तेच ठेवा’ असं कोणी शिकवत असेल, तर त्याची शिकवणी सोडा.

खरं तर आपल्या इंदूरकरांना हे चटकन कळायला हवं. मी लहानपणी ‘काकूंशी विचारलं’ म्हणायचे आणि पुण्याची आत्या दर सुट्टीत हसायची. ती म्हणायची, ‘काकूंना विचारलं’ म्हण गं. माझ्या डोक्यात हिंदीतलं ‘उनसे पूछा’ होतं, शब्द तेवढे मराठी. इंग्रजीत आपण हेच करतो. ‘बद्दल चर्चा केली’ म्हणून ‘डिस्कस्ड अबाउट’, ‘घरी पोचलो’मधल्या ‘ई’ची भरपाई म्हणून ‘रीच्ड टू होम’, ‘माझ्यापेक्षा सीनियर’ म्हणून ‘सीनियर दॅन मी’. ‘डिस्कस’ आणि ‘रीच’ यांना मध्ये कोणीच नको. ‘सीनियर’, ‘ज्युनियर’, ‘सुपीरियर’, ‘इन्फीरियर’ हे लॅटिनमधून आलेले आहेत, त्यांना ‘टू’ लागतो. ‘प्रिफर’लाही तोच: ‘आय प्रिफर पोहे टू उपमा.’ त्यातही एक खोच आहे. क्रियापद ‘डिस्कस’ला ‘अबाउट’ चालत नाही, पण ‘डिस्कशन’ या नामाला चालतो. शब्दाची जात आधी बघायला सांगितली ती याच्यासाठी.

तर करायचं काय? खिशातला दुभाषी कोश इथे उपयोगाचा नाही. ज्यांना इंग्रजी परकी आहे अशा विद्यार्थ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्या. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर केलेला असा कोश १९४२ मध्ये तिथेच निघाला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डनं छापला. कोणत्या क्रियापदापुढे काय येऊ शकतं, त्याचे नमुने त्यात दिलेले होते. आज त्याची नवी आवृत्ती फोनवरही दिसते. व्याख्येवर नजर टाका आणि खालच्या उदाहरणांवर थांबा. त्यातली तीन हातानं उतरवा आणि शब्दाच्या लगेच पुढे जे आहे त्याखाली रेघ मारा. वहीत शब्द शेपटीसकट लिहायचा. नुसतं ‘इन्सिस्ट’ नाही, ‘इन्सिस्ट ऑन’. नुसतं ‘मॅरीड’ नाही, ‘मॅरीड टू’. ‘विथ’ लिहिलंत तर मी वही परत देते.

नेटवर शोधून ‘इतक्या ठिकाणी सापडलं म्हणजे बरोबर’ असं ठरवू नका. ‘डिस्कस अबाउट’ही ढिगानं सापडतं, आपल्यासारख्यांनीच लिहिलेलं.

विशेषणाची सोबत नामाशी जुळते का, तेही कोशातल्या उदाहरणांतच पाहा. आपल्याकडे चहा कडक, ऊन कडक आणि शिस्तही कडक. इंग्रजीत चहा ‘स्ट्राँग’, ऊन ‘स्कॉर्चिंग’, शिस्त ‘स्ट्रिक्ट’. एक मुलगा ‘हार्ड टी’ लिहून आला होता. मी त्याला विचारलं, दातानं फोडून पितोस का?

शब्दाचा रंगही तपासा. ‘सराफा इज नोटोरियस फॉर गराडू’ असं लिहिणाऱ्याला आपल्या सराफा बाजारातल्या गराडूंची, म्हणजे तळलेल्या कंदाची, स्तुतीच करायची होती. ‘नोटोरियस’ म्हणजे वाईट कारणानं गाजलेला.

मग स्वतःचं वाक्य. एकच, पण असं की शब्दावर बोट ठेवून वाचलं तरी समोरच्याला तो साधारण ओळखता यावा. ‘ही इज अ रिलक्टंट बॉय’ हे बिनचूक आहे आणि बिनकामाचं. तिथे ‘टॉल’ बसतो, ‘हंग्री’ही बसतो. ‘आजी वॉज रिलक्टंट टू लीव्ह रामबाग, ईव्हन दो द न्यू फ्लॅट हॅड अ लिफ्ट.’ आता बोट ठेवा. आजीचं मन होत नव्हतं, हे ‘ईव्हन दो’नं सांगून टाकलं, आणि ‘रिलक्टंट’चं शेपूट ‘टू’ आहे हेही वाक्यातच राहिलं. वाक्य आपल्या घरातलं, गल्लीतलं असू द्या. लंडनच्या पावसावर लिहिलेलं परीक्षेत आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी वही न उघडता तेच वाक्य मोठ्यानं म्हणा. शेपूट विसरलात तर शब्द अजून आलेला नाही, परत लिहा. दिवसाला २० शब्दांचं असं होणार नाही, दोनच घ्या. तो खिशातला कागद मी टाकून द्यायला लावत नाही. मागची बाजू कोरी असते, वाक्यं तिथे लिहा.