घरासंबंधीच्या सवलतीसाठी अमेरिकेत वकिलाविना दावा कसा दाखल करावा

अपंग भाडेकरूला इतरांसारखे घर वापरता यावे म्हणून आवश्यक ती वाजवी सवलत, म्हणजे नियमांत किंवा पद्धतीत गरजेपुरता बदल, देणे अमेरिकेतील बहुतेक घरमालकांवर 1988 साली सुधारलेल्या फेअर हाउसिंग ॲक्टनुसार बंधनकारक आहे. ती नाकारली गेल्यास फेडरल (केंद्रीय) जिल्हा न्यायालयात स्वतःच दावा दाखल करता येतो. त्यासाठी नकारापासून दोन वर्षांची मुदत असते. गृहनिर्माण खात्याकडे, म्हणजे हडकडे, एका वर्षाच्या आत तक्रार करता येते, परंतु दाव्यापूर्वी ती करणे सक्तीचे नाही. केल्यास तिची कार्यवाही चालू असतानाचा काळ दोन वर्षांत धरला जात नाही.

सवलत तोंडी मागितली तरी चालते, पण माझा आग्रह लेखी मागणीचाच राहील, कारण मागणी केलीच नव्हती असा बचाव पुढे हमखास घेतला जातो. अपंगत्व, मालकाला असलेली त्याची माहिती, मागणी, तिची गरज आणि मिळालेला नकार या प्रत्येक गोष्टीला आधार हवा.

दाव्याचा अर्ज न्यायालयाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात ‘मालकाने मला फार छळले’ एवढेच लिहून भागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘4. मला पन्नास पावलांपलीकडे चालता येत नाही. 5. 3 मार्च रोजी मी दाराजवळची पार्किंगची जागा राखून ठेवण्याची ईमेलने विनंती केली. 6. 10 मार्च रोजी, जागा राखून ठेवल्या जात नाहीत, असे उत्तर आले.’ एका परिच्छेदात एकच घटना असावी आणि संताप कितीही रास्त असला तरी तारखांनाच बोलू द्यावे. शेवटी काय हवे ते, म्हणजे सवलतीचा आदेश, नुकसानभरपाई, स्पष्ट मागावे आणि सही करावी. कागदपत्रे सार्वजनिक होत असल्याने सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे (अमेरिकेतील सरकारी ओळख क्रमांकाचे) शेवटचे चारच आकडे ठेवावेत.

शुल्क 405 डॉलर आहे. ते परवडत नसल्यास माफीचा अर्ज सोबत जोडावा. न्यायालयाने वकील नेमून द्यावा अशी विनंतीही हा कायदा करू देतो आणि ती अवश्य करावी.

त्यानंतर मालकावर समन्स 90 दिवसांच्या आत बजावले गेले पाहिजे. ते वादीला स्वतः बजावता येत नाही. पक्षकार नसलेल्या, किमान 18 वर्षांच्या व्यक्तीकडून ते बजावून घ्यावे. दरम्यान घर सोडावे लागले तर नवा पत्ता न्यायालयाला तत्काळ लेखी कळवावा, कारण आदेश जुन्या पत्त्यावर पडून राहिला आणि मुदत उलटली तर दावा फेटाळला जाऊ शकतो.