प्लग काढल्यानंतरही थांबा

प्लग काढला की यंत्र मेलं, असं मी सुरुवातीला धरून चालायचो. जुने संगणक सुटे करायला शिकत होतो, तेव्हाची गोष्ट. एक बंद पडलेला एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा पॉवर सप्लाय, उघडला. प्लग काढून तास झाला होता. हात आत घालणार, तेवढ्यात शिकवणाऱ्या दादांनी मनगट धरलं आणि मल्टिमीटरचे प्रोब एका मोठ्या कपॅसिटरच्या, म्हणजे चार्ज साठवणाऱ्या भागाच्या, पायांवर टेकवले. १४२ व्होल्ट. शेजारच्यावरही जवळपास तेवढेच.

२३० व्होल्टची एसी आत डीसी होते तेव्हा सुमारे ३२५ व्होल्ट होतात आणि जुन्या एसएमपीएसमध्ये ते दोन कपॅसिटरांत वाटले जातात. चालू सप्लाय बंद केला की पुढचं सर्किट हा साठा ओढून संपवतं. बिघडलेल्यात ओढणारंच कुणी नसतं. साठा रिकामा करणारा रेझिस्टरही जळलेला असेल, तर साठा तसाच राहतो. म्हणजे जो सप्लाय मेलेला म्हणून आपल्याकडे येतो, तोच जास्त धोक्याचा.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी मोजायचं, मग २.२ किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी कपॅसिटरच्या दोन पायांना लावून काही सेकंद थांबायचं, मग पुन्हा मोजायचं. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. ठिणगी उडते, टोक वितळतं आणि दचकून हात भलतीकडेच जातो.

जुना, मागे फुगीर असलेला सीआरटी मॉनिटर आला, तर नवख्याने तो उघडूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आतल्या रंगीत पिक्चर ट्यूबच्या अॅनोडवर (जास्त व्होल्टेजच्या टोकावर) साधारण २५ हजार व्होल्ट असतात आणि ट्यूब स्वतःच कपॅसिटरसारखी चार्ज धरते. एकदा डिस्चार्ज केली तरी काही वेळाने थोडा चार्ज परत वर येतो. आत निर्वात असल्याने मागची बारीक मान तुटली तर हवा जोरात आत घुसते. खुद्द काच फुटली तर तुकडे सगळीकडे उडतात. त्या काचेत शिसंही असतं.

बाकीचे धोके एवढे नाट्यमय नाहीत, पण इजा रोजची त्यांचीच. कॅबिनेटच्या पत्र्याची धार बोट कापते, म्हणून हातमोजे घाला. लॅपटॉपच्या काही हार्ड डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात. वाकवल्या की चुरा होतो, चष्मा हवाच. जुन्या सपाट स्क्रीनमागच्या बारीक नळ्यांत पारा असतो, त्या अख्ख्याच बाहेर काढा. जुन्या मदरबोर्डवरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळली असेल, तर तो हिरवट-पांढरा थर बोटाने खरवडू नका.

फुगलेली लॅपटॉप बॅटरी मात्र वेगळी. ती दाबू नका, टोचू नका, पॅनेल उचकटायला घाई करू नका. आमच्याकडे अशा बॅटरीसाठी कोरड्या वाळूची धातूची बादली दारापाशी, कागद-कापडापासून लांब ठेवलेली असते.