वर्षातून एकदा मोफत क्रेडिट रिपोर्ट: मागवायचा कसा आणि वाचायचा कसा

दिंडोरीचा शेतकरी असो की सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार, ‘सिबिल खराब आहे’, म्हणजे कर्जफेडीची नोंद चांगली नाही, हे बहुतेकांना पहिल्यांदा कळतं ते बँकेच्या टेबलासमोर बसल्यावर. तेव्हा फार उशीर झालेला असतो, कारण चूक दुरुस्त व्हायला महिना लागू शकतो आणि घराचा इसार तोपर्यंत थांबत नाही. म्हणून कर्जाची गरज नसतानाच आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपण कोणती कर्जं घेतली आणि कशी फेडली याची नोंद, काढून बघावा.

देशात अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार २०१७ पासून यातल्या प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसह (म्हणजे कर्जफेडीला दिलेले गुण), मोफत द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार रिपोर्ट. ते एकदम न काढता दर तीन महिन्यांनी एकेका कंपनीकडून काढले, तर वर्षभर लक्ष राहतं.

मागवताना कंपनीच्या स्वतःच्याच वेबसाइटवर जा. तिथे पैसे भरून घ्यायच्या योजना ठळक दिसतात, त्या सोडून मोफत वार्षिक रिपोर्टचा पर्याय शोधा. नाव पॅन कार्डावर आहे तसंच भरा, जन्मतारीख, पॅन आणि बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर द्या. त्या नंबरवर ओटीपी येतो. तो कुणालाही सांगू नका, ‘सिबिल वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला तर मुळीच नाही. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मनातून काढून टाका.

आता वाचायचं कसं. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि बहुतेक लोक तो आकडा पाहून रिपोर्ट बंद करतात. खरी माहिती पुढे, खात्यांच्या यादीत असते. एकेक खातं घेऊन स्वतःला विचारा: हे कर्ज मी घेतलं होतं का? नाशिकच्या एम. जी. रोडवर हप्त्यावर घेतलेला मोबाइलसुद्धा तिथे कर्ज म्हणून दिसतो. फेडलेलं कर्ज अजून चालू दिसतंय का, थकबाकी शून्य आहे का, हे बघा. सिबिलच्या रिपोर्टमध्ये प्रत्येक महिन्याखाली एक आकडा असतो: ०००, म्हणजे हप्ता वेळेवर, ०३०, म्हणजे तीस दिवस उशीर.

जामीनदारांनी तर हा भाग दोनदा वाचावा. चुलतभावाच्या ट्रॅक्टरसाठी सही केली आणि विसरून गेलात, तरी ते कर्ज तुमच्या रिपोर्टमध्ये ‘गॅरंटर’ म्हणून येऊ शकतं आणि तो थकला की तुम्हालाही अडचण होते. भिडेखातर केलेल्या सह्यांचा असा त्रास आपल्याकडे फार जणांना होतो.

‘सेटल्ड’ या शब्दाकडेही लक्ष द्या. बँकेशी तडजोड करून कमी रकमेत कर्ज मिटवलं, तर असा शेरा पडतो. पूर्ण फेड झालेल्या खात्यावर ‘क्लोज्ड’ हवं. पूर्ण पैसे भरूनही ‘सेटल्ड’ दिसत असेल, तर बँकेचा नो ड्यूज (काही बाकी नसल्याचा) दाखला शोधून ठेवा.

शेवटी चौकशांची यादी, म्हणजे कोणकोणत्या बँकांनी तुमचा रिपोर्ट मागवला ते. ज्या बँकेत तुम्ही कधी अर्जच केला नाही तिचं नाव असेल, तर कुणी तुमचं पॅन वापरतंय का, ते लगेच तपासा.

चूक सापडली की त्याच कंपनीच्या साइटवर तक्रार नोंदवा, त्याला फी नाही. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर हाताशी ठेवा. कंपनी स्वतःहून नोंद बदलत नाही, आधी बँकेला विचारते. म्हणून बँकेच्या शाखेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते. तरीही दाद मिळाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करा. तीही मोफत आहे, आणि तिथे बँकेची पोच पुरावा म्हणून जोडता येते.